टाका दिसता कामा नये

माझे साडू जगातल्या वस्तूंचे दोनच प्रकार मानतात : सैल आणि घट्ट. सैल वस्तू वाया गेलेली असते, घट्ट वस्तू अजून वाया जायची असते. उभा जन्म त्यांनी पुस्तकं बांधली. गावातलं एकही पुस्तक त्यांच्या हातून सुटलं नाही, आणि त्यांनी बांधलेलं एकही पुस्तक कधी नीट उघडलं नाही. लोक त्यांना शिकंजेराव म्हणतात. पुस्तकं दाबायचा लाकडी शिकंजा आणि ते स्वतः यांत तसा फारसा फरक नाही. फक्त शिकंज्याची मूठ उलटी फिरवली की तो सैल होतो.

त्यांचा संसार दोन मजली आहे. वर त्यांची कामाची खोली, खाली माझ्या मेव्हणीचं, म्हणजे अक्काचं, स्वयंपाकघर आणि मध्ये खडा लाकडी जिना. वरून लाकडी मोगरी आपटली की चिकटवायची खळ संपली असं समजायचं आणि अक्कानं शिजवलेली खळ वर न्यायची. दुसऱ्या कुठल्याही कारणासाठी मोगरी आपटल्याचं अक्काला आठवत नाही. शांतता असली की काम चाललंय, असा त्या घरचा नियम होता.

या नियमानंच एकदा घात केला. शिकंजेरावांना चक्कर आली आणि ते कागदांच्या दोन थप्प्यांमध्ये आडवे झाले. खाली मिक्सर चालू होता. वर शांतता होती, म्हणजे काम जोरात होतं. जेवण निवलं तरी माणूस उतरेना, तेव्हा अक्का वर गेली.

त्यांची मुलगी दुसऱ्या गावी शाळेत मुख्याध्यापिका आहे. ती आली, पाहिलं, आणि शाळेची घंटा द्यावी तसा हुकूम दिला, "एक तर वरून खाली बेल बसवा, नाहीतर दोघंही माझ्याकडे चला. तिसरा पर्याय फळ्यावर लिहिलेला नाही."

तिचं घर सुरेख आहे. सगळं पांढरं, सगळं एकाच मजल्यावर. पेला ठेवायचा तर आधी खाली चकती ठेवायची. तिथे शिकंज्याला जागा नव्हती, आणि शिकंजा नसेल तर शिकंजेरावांनी करायचं काय? चकत्या मोजायच्या? म्हणून बेल.

बेल बसवायला वायरवाल्या बाई आल्या. उंच, सावकाश बोलणाऱ्या, आणि प्रत्येक भिंतीकडे ती आपल्याला काहीतरी सांगणार आहे अशा नजरेनं बघणाऱ्या. मी तिथे होतो, कारण आमच्या घरी त्या वेळी मला काही काम सांगितलं जाण्याची शक्यता होती.

"तार कमी दाबाची आहे," बाई म्हणाल्या. "हात लागला तरी काही होत नाही. म्हणूनच लोक तिच्याशी वाट्टेल तसं वागतात."

मग त्यांनी पिशवीतला ऐवज टेबलावर मांडला. उघड्या स्टेपल पिना होत्या, प्लॅस्टिकची पाठ असलेल्या पिना होत्या, आणि एका बाजूला खिळा असलेल्या छोट्या पांढऱ्या क्लिपा होत्या. शिकंजेरावांनी उघडी पिन अशी उचलली, जणू लग्नाच्या गर्दीत बालमित्र सापडला.

"ही आपल्यातली," ते म्हणाले.

"ती नको. क्लिपा लावू."

शिकंजेरावांनी एक क्लिप तारेवर बसवून पाहिली आणि तार ओढली. तार सुळकन पुढे सरकली. साडूंचा चेहरा उतरला. "हलतेय की हो ही!"

"हललीच पाहिजे. लाकूड ऊन खातं, फुगतं, आकसतं. तारेला जरा मागंपुढं होता आलं पाहिजे. तारेला आवळायचं नसतं, नुसतं हाताला धरून न्यायचं."

"मी माझ्या मुलीलाही आवळूनच धरलं."

"म्हणून त्या लांब राहतात वाटतं," बाई शांतपणे म्हणाल्या, आणि खालून अक्काच्या हसण्याचा आवाज आला.

बाईंनी स्वयंपाकघरातल्या बेलपासून जिन्याच्या कडेनं क्लिपा ठोकत तार वर आणली. खोलीच्या दाराशी घोडं अडलं. क्लिपा संपल्या. राहिल्या होत्या त्या मोठ्या मापाच्या.

"यांच्यात तार झोपाळ्यावर बसल्यासारखी बसेल," बाई म्हणाल्या. "उद्या मापाच्या आणते. तोवर लोंबू दे. बेल चालू आहे." त्यांनी आरामखुर्चीच्या हाताशी बटण जोडून दिलं, दाबून दाखवलं. दाबल्यावर खाली 'डिंग' झालं, सोडल्यावर 'डाँग'. बाई गेल्या.

तार लोंबत राहिली. पाहुण्याच्या बुटाची नाडी सुटलेली असावी आणि आपण चहा पीत त्याच्याशी हवापाण्यावर बोलत राहावं, तसं साडूंचं झालं. ते तिच्याकडे बघायचे नाहीत आणि दुसरीकडेही बघायचे नाहीत. शेवटी कप ठेवून म्हणाले, "साडूभाऊ, ते स्टूल धरा."

इथे मला जरा कारागिरीचं सांगावं लागेल. शहाणा माणूस तारेला पिन मारतो तेव्हा पिनेचा एक पाय तारेच्या अलीकडे आणि एक पलीकडे जातो. घोड्यावर बसावं तसं. पण शिकंजेरावांनी जन्मात घोडा पाहिला नव्हता, फर्मा पाहिला होता. छापील कागद दुमडून फर्मा होतो आणि त्याचा टाका बरोबर घडीत, घडीच्या रेषेवर आडवा झोपवून मारायचा असतो. दोन्ही पाय आरपार. ही तार चपटी होती. दोन बारीक तारा शेजारीशेजारी, आणि दोघींच्या मध्ये एक नाजूक खाच. साडूंनी अंगठ्याच्या नखानं ती खाच चाचपली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"घडी आहे हिला," ते म्हणाले. "उगाच नाही बाई क्लिपा म्हणत होत्या. त्यांना घडी दिसलीच नाही."

तार भिंतीच्या लाकडी फळीवर धरून बाइंडिंगच्या तारेचे टाके, म्हणजे उघड्या पिनाच, त्यांनी त्या खाचेत, रेषेवर, एकामागून एक बसवले. इतकं देखणं काम मी पाहिलं नव्हतं. मग वरून खळ लावून भिंतीच्या रंगाची कापडी पट्टी चिकटवली आणि हाडाच्या पट्टीनं घासून गुळगुळीत केली.

"ही कशाला?"

"टाका दिसता कामा नये," ते म्हणाले. त्यांच्या धंद्याचं सगळं तत्त्वज्ञान तेवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. पट्टीवरून तळवा फिरवला. "याखाली काय केलंय?"

"बाइंडिंग."

त्यांनी बटण दाबलं. बेल वाजली. "वाजतेय खरी," त्या म्हणाल्या. "पण मला हे पटलेलं नाही." आणि क्लिपा परत घेऊन गेल्या.

त्यानंतरच्या दुपारी काही वेगळ्याच होत्या. वरच्या खोलीला झडपेची एक खिडकी आहे, तिच्यातून उन्हाचा एक चौकोन आत येतो. जेवणानंतर तो जमिनीवर असतो. मग घाई न करता थप्प्यांवर चढतो, पुठ्ठ्यांवरून जातो, आरामखुर्चीत पेंगणाऱ्या शिकंजेरावांच्या गुडघ्यावर थोडा टेकतो आणि शेवटी भिंतीच्या लाकडी फळीवर जाऊन बसतो. खळीचा आंबूस गोड वास येत असतो. धुळीचे कण हवेत तरंगत असतात आणि खाली पडायचं विसरून जातात. त्या खोलीत जागं राहणं हे उद्धटपणाचं वाटे.

अशाच एका दुपारी खाली 'डिंग' झालं. नुसतं डिंग. डाँग नाही.

अक्का हात पुसत वर आली. साडू झोपले होते. हात बटणाजवळ होता.

"अहो, काय हवंय?"

"कुठे काय?" ते दचकले. "तू कशी आलीस?"

"तुम्ही बोलावलंत."

साडूंनी आपल्या बोटाकडे पाहिलं. बोटानं काही कबूल केलं नाही. "मी स्वप्नात होतो," ते हळूच म्हणाले. "सगळे कागद सुटे झालेले. नदीसारखे वाहत होते. घरही त्यांच्यावर तरंगत होतं, आणि मी कशालाच धरलेलं नव्हतं. बहुतेक तुला हाक मारत होतो."

अक्का स्टुलावर बसली. "मग? मी आले का?"

"तेवढ्यात तू खरीच आलीस."

बऱ्याच वेळानं, ती खाली जायला उठली तेव्हा, खालून एक एकटं 'डाँग' ऐकू आलं.

दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. आणि तिसऱ्या. स्वप्नं दरवेळी निराळी आणि सगळी सैल. भिंती पानांसारख्या उलटत जात आणि मागे आणखी भिंती निघत. जिना पाण्यात पाय सोडून बसलेला असे. एकदा शिकंज्यालाच पालवी फुटली होती आणि साडू त्याच्या सावलीत काहीही न दाबता बसले होते. अक्का ऐकायची, "पुढे?" म्हणायची. हळूहळू ती दोन कप चहा घेऊनच येऊ लागली. दुपारी केस नीट करू लागली. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्यानं खळीशिवाय बोलावलं नव्हतं. आता झोपेतही बोलावत होता. एका ढगाळ दिवशी बेल वाजलीच नाही, तर अक्का तोंड फुगवून बसली. "आज आमची गरज पडली नाही वाटतं," ती भांड्यांना सांगत होती.

माझं असं मत झालं की कमी दाबाच्या तारेतून स्वप्न जात असावं. जास्त दाबाच्या तारेतून गेलं असतं तर ते जळून गेलं असतं. हे मत मी बायकोला सांगितलं. तिनं मला पीठ दळून आणायला पाठवलं.

इथपर्यंत सगळं छान होतं. मग अक्कानं फोनवर लेकीला कौतुकानं सांगितलं, "तुझे बाबा झोपेत बेल दाबतात गं. जाग आल्यावर आठवत नाही त्यांना." पलीकडून मुख्याध्यापिकेच्या आवाजात प्रश्न आला, "आई, हे कधीपासून?"

तिनं रविवारी यायचं ठरवलं. गाडी घेऊन, खोकी घेऊन. बाबांचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही, आता बेलवर विसंबून चालणार नाही, असा तिचा निकाल होता. आणि खरं सांगायचं तर तो चुकीचा नव्हता. आपल्या बोटानं केलेलं आपल्याला आठवत नसेल, तर माणसाला जिन्याच्या टोकाशी एकटं ठेवायचं कसं?

साडूंनी मला बोलावून घेतलं. दार लावून घेतलं. "साडूभाऊ, खरं सांगा. माझं डोकं सैल झालंय का?"

ज्याच्या आयुष्यात सैल हा शब्द शिवीसारखा होता, त्याच्या तोंडून तो असा आला की मला गंमत सुचेना. मी म्हणालो, "आपण आज जागे राहू."

त्यांनी बटण उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. दोन्ही हात काखेत धरले. आम्ही दोघं बसलो. ऊन गुडघ्यावर आलं, गेलं. धूळ तरंगली. माझ्या पापण्या जड झाल्या. साडू मात्र टक्क. उन्हाचा चौकोन फळीवर चढला, कापडी पट्टीवर गेला आणि तिथे जरा पसरून बसला. लाकूड कुठेतरी कुरकुरलं.

'डिंग.'

साडूंनी माझ्याकडे पाहिलं, बटणाकडे पाहिलं, मग पट्टीकडे. उठले. अंगठ्यानं पट्टी एका जागी दाबली. 'डाँग.' अंगठा काढला. 'डिंग.' दाबला. 'डाँग.'

"अहो, आले आले! किती वेळा ते!" खालून अक्का ओरडली.

साडू मटकन खुर्चीत बसले. पिनेचे पाय दोन्ही तारांच्या मधोमध उभे होते. लाकूड तापलं की बाजूला कलून दोघींची भेट घडवत होते. वरून दाबलं की भेट तुटत होती. बटण दाबल्यावर तरी आणखी वेगळं काय होतं?

"सुटलात!" मी म्हणालो. "डोकं ठणठणीत आहे. लेकीला आत्ता फोन करा."

"तुम्ही काही पाहिलेलं नाही," साडू म्हणाले.

"पाहिलं की, ढळढळीत."

"बाइंडरचं डोकं गेलं म्हटलं की लोक हळहळतात. त्याचा टाका गेला म्हटलं की हसतात. आणि टाका बरोबर मध्यात आहे! तारच चुकीच्या ठिकाणी आहे."

"म्हणजे वेडे ठरून जाल, पण चुकलो म्हणणार नाही?"

जिन्यावर अक्काची पावलं वाजू लागली होती आणि कप किणकिणत होते. साडू अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "आणि हिला काय सांगू? तुला ऊन बोलावत होतं म्हणून?" मग त्यांनी घाईनं डोळे मिटले आणि झोपेचं सोंग घेतलं. सोंग चांगलं नव्हतं, पण अक्काला चाललं.

रविवारी मुख्याध्यापिका आली. भल्या मनाची पोर आहे. घाबरली की शिस्तीनं वागते. तिनं भराभर कपडे खोक्यांत घातले. वडिलांशी ती मोठ्यानं आणि सावकाश बोलत होती, पहिलीच्या वर्गाशी बोलावं तशी.

"बाबा, आपण कुठे जाणार आहोत?"

"तू नेशील तिथे."

"शाब्बास. आणि हा शिकंजा आपण इथेच ठेवणार आहोत. हो ना?"

साडू शिकंज्याच्या मुठीवर हात ठेवून उभे होते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खिडकीबाहेरचं काहीतरी बघू लागलो.

खाली अक्का डबे पुसून ठेवत होती. "मी जाईन हो भाऊजी," ती मला म्हणाली. "माणूस झोपेत आपल्याला बोलावतो म्हटल्यावर कुठे राहायचं त्याला काय महत्त्व?" असं म्हणत ती तोच डबा पुन्हा पुसू लागली. "फक्त तिकडे सगळं एकाच मजल्यावर आहे. तिकडे कशाला बोलावतील!"

दुपार झाली. शेवटची एक पेटी अक्का वरून खाली नेत होती. साडू वर जिन्याच्या तोंडाशी उभे होते. ती जिन्याच्या तळाशी पोचली, पेटी टेकवली, कमरेवर हात ठेवून श्वास घेतला. आणि झडपेतून आलेलं ऊन, त्याला खोक्यांशी काही देणंघेणं नव्हतं, ठरल्याप्रमाणे पट्टीवर जाऊन बसलं.

'डिंग.'

अक्का वळली. साडू तिच्या डोळ्यांसमोर उभे होते. पण ती वर बघत नव्हती, पायरीकडे बघत होती. एक हात कठड्यावर, दुसरा गुडघ्यावर. पाय उचलायचा, दुसरा शेजारी आणायचा, थांबायचं, मग पुढची पायरी. ओठांवर घाम. "आले हो," ती पुटपुटत होती. "आले."

इतक्या दुपारी ती आली होती, आणि दरवेळी साडू झोपेत होते. त्यांनी तिला वर आलेली पाहिली होती. वर येताना पाहिलं नव्हतं.

"थांब!" ते ओरडले. "येऊ नकोस!"

ते खोलीत गेले, कापडी पट्टीचं टोक नखानं उचकटलं आणि सगळी पट्टी एका ओढीत टर्रकन काढली. त्यांना स्वतःचं काम उसवताना कुणीच पाहिलेलं नव्हतं. फळीवर टाके चमकले.

"बाबा! काय करताय?" लेक धावली.

"बघ. पिना मी मारल्यात. बाईंनी नाही म्हटलं होतं. तारेच्या मधून मारल्या. ऊन पडलं की बेल आपोआप वाजते. माझं डोकं जागेवर आहे." पुढचा शब्द बाहेर यायला वेळ लागला, कारण तो या आधी कधी बाहेर आला नव्हता. "टाका चुकला."

लेकीनं एक पिन अंगठ्यानं दाबून पाहिली. 'डाँग.' सोडली. 'डिंग.' मग ती हसायला लागली, आणि हसता हसता खोक्यावर बसून डोळे पुसू लागली. "मी तुम्हाला शाब्बास म्हटलं बाबा," ती म्हणाली. "पहिलीतल्या पोरासारखं. आणि तुम्ही म्हणू दिलंत!"

अक्का दारात उभी होती. धाप अजून लागलेली. "म्हणजे तुम्ही बोलावत नव्हतात."

"नाही."

"एकदाही?"

साडूंनी मान हलवली. "ऊन होतं ते."

अक्कानं पट्टी उचलली, तिची नीट घडी केली, स्टुलावर ठेवली आणि एकेक पायरी उतरून खाली गेली.

लेकीनं खोकी रिकामी केली. वायरवाल्या बाई आल्या, त्यांनी छिद्रं पडलेला तुकडा कापून नवी तार जोडली आणि क्लिपा ठोकल्या. उखडलेल्या पिना तळहातावर घेऊन त्यांनी बराच वेळ पाहिल्या. "काम सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "कुठलं आहे ते कळत नाही."

लेक संध्याकाळी गेली. जाताना दोघांना सांगून गेली की दर रविवारी बेल तपासायला येईन, आणि तपासणीला गैरहजर राहिलेलं चालणार नाही.

दुसऱ्या दुपारी मी अक्काकडे वाटाणे सोलत बसलो होतो, म्हणजे ती सोलत होती आणि मी खात होतो. तिनं आज केस नीट केले नव्हते. बेल भिंतीवर गप्प होती. ऊन आता फळीवर पोचलं असेल, एवढा वेळ झाला. अक्का बेलकडे बघत नव्हती. इतकी बघत नव्हती की शेंगेतले दाणे टरफलांच्या ढिगात चालले होते.

जिन्यावर काहीतरी घासल्याचा आवाज आला. मी डोकावलो. शिकंजेराव बसल्या बसल्या, लहान पोरासारखे, एकेक पायरी घसरत उतरत होते. दोन्ही हातांनी कठडा धरलेला. तो मात्र घट्ट.

ते दारात उभे राहिले. त्या स्वयंपाकघरात आपण कुठे उभं राहायचं असतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

"बेल बिघडली का?" अक्कानं विचारलं.

"चालू आहे."

"मग उतरलात कशाला, पडला असतात म्हणजे?"

"वर फार दुपार झाली होती," ते म्हणाले.

अक्कानं पाट पायानं पुढे सरकवला. ते बसले. तिनं मूठभर शेंगा त्यांच्या पुढ्यात टाकल्या. त्यांनी एक उचलली, शिवण शोधली, आणि तोंडातल्या तोंडात बोलायला सुरुवात केली, "आज असं स्वप्न पडलं... एक होडी होती. म्हणजे होडीच होती. तिच्यात... वाटाणे होते."

आज त्यांना स्वप्न पडलेलं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं बांधणाऱ्या माणसाला रचायला कुठून येणार? अक्काला ते कळलं. मलाही कळलं. मी उठलो, कारण घरी मला काहीतरी काम असण्याची शक्यता होती.

"बरं," अक्का म्हणत होती, आणि शेंगांचा ढीग तिनं दोघांच्या मध्ये ओढला. "मग होडीतल्या वाटाण्यांचं काय झालं?"